पायथ्याच्या लाईनचं टाइमटेबल

“घाबरतात हो ते,” दिघेसाहेब म्हणाले, आणि तेच त्यांनी रिपोर्टात लिहिलंसुद्धा. “डोंगरातल्या लोकांना यंत्राची भीती वाटते. म्हणून मोटार रिकामी जाते.”

समोर मोतीशेठ बसले होते, शहाद्यातल्या आमच्या मोटार सर्व्हिसचे मालक. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सर्व्हिसचा ट्रॅफिक इन्स्पेक्टर. म्हणजे गाडी कधी सुटली, कुठे थांबली, कोण चढलं, कोण राहिलं, हे बघणारा माणूस.

“ही लाईन तुम्हीच मागितली होती ना? हा बाजार सोडून पुढच्या बाजाराला परवान्याचे ऑफिसर येणार. गाडी खाली दिसली तर परवाना गेला. मग तुमचं तरी इथे काय काम?”

लाईन म्हणजे शहादा, लोणखेडा, म्हसावद आणि पुढे थेट सातपुड्याचा पायथा. आमचा परवाना कच्चा होता. कच्चा म्हणजे, तीन महिने चालवून दाखवा, लोकांना उपयोग दिसला तर पक्का देऊ. दुसरी एक सर्व्हिस टपून बसलेलीच होती. माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि सासऱ्यांना मी ‘पर्मनंट’ असं सांगितलं होतं.

आता दिघेसाहेबांविषयी. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमाराला शेठनी त्यांना मुंबईहून वाजतगाजत आणलं. त्यांनी तिकडे ट्रामच्या ऑफिसात काम केलं होतं. ट्रामवर नव्हे, ऑफिसात. शहाद्याला पाऊल ठेवताच त्यांनी मोठ्या शहराचं सगळं शास्त्र बाहेर काढलं. भिंतीवर नकाशा लावला. दर मैलावर स्टॉप आखला. प्रत्येक स्टॉपवर खांब, खांबावर पाटी, पाटीवर मराठी आणि इंग्रजी. ज्यांनी जन्मात अक्षर गिरवलं नाही त्यांच्यासाठी दोन-दोन भाषा! लोकांनी त्या खांबांचा योग्य तो उपयोग केला. शेळ्या बांधल्या. साहेब मात्र नकाशासमोरून हलले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते मी तेव्हा शिकलो.

पण नुसतं साहेबांना हसून चालणार नाही. तीन आठवडे मीही स्टँडवर खुर्ची टाकून गाडीत बसलेली डोकी मोजत होतो. न बसलेली मोजायची अक्कल मला आली नाही.

शेवटी ऑफिसर येण्याआधीच्या बाजाराला मी उखाभाऊंच्या शेजारी जाऊन बसलो. उखाभाऊ त्या लाईनचे ड्रायव्हर. बावीस सीटची मोटार कचेरीजवळच्या स्टँडवरून निघाली तेव्हा अठरा सीटा भरल्या होत्या. कारकून, दुकानदार, गुजर शेतकरी, सगळे लोणखेड्याचे. लोणखेडा म्हणजे शहाद्याचं शेजारघर. पायी गेले असते तर भूक चांगली लागली असती. पुढचा स्टॉप बाजार. तिथे डोंगरातल्या पावरा आदिवासींचा एक घोळका उभा होता, बाया-माणसं मिळून नऊ. सीटा उरलेल्या चार.

“चला, चार जण चढा!” मी ओरडलो.

कुणी हललं नाही. पुढे उभा असलेला म्हातारा बाजारातली अहिराणी बोलायचा. त्याचं नाव रुमाल्या.

“आम्ही नऊ शेतस,” तो म्हणाला. “चार बठनात, ते पाच कथा जातीन?”

“राहिलेले पाच मागून येतील. दुसरी गाडी आहे ना.”

“संगे उनूत, संगेच जासूत,” तो म्हणाला, आणि नऊच्या नऊ पायी चालू लागले. डोक्यावर मीठ, हातात तेलाच्या बाटल्या, पुढे आख्खा डोंगर चढायचा.

पाच मिनिटांत लोणखेडा आलं. अठरा जण उतरले. तिथून पायथ्यापर्यंत मोटारीत मी, उखाभाऊ आणि धूळ.

“ह्या लोके फुटीसन बठतस नहीत, भाऊ,” उखाभाऊ म्हणाले. “घाटमा एकला माणूस मांगे ठेवाना नही, आसा रिवाज शे. मी दिघेसायेबले पहिलाच दिन सांगं.”

“मग?”

“त्यास्नी सांगं, तू गाडी चालाड.”

म्हणजे उत्तर पहिल्या दिवशीच ऑफिसात येऊन गेलं होतं. ड्रायव्हरच्या तोंडून आलं, म्हणून ते ऐकण्याजोगं नव्हतं. मला इतका संताप आला की काय सांगू!

दुसऱ्या दिवशी मी शेठना म्हटलं, “बाजाराच्या दिवशी एक गाडी रिकामीच बाजारात उभी करा. लोणखेड्याचा एकही माणूस घ्यायचा नाही. टोळी पुरी झाली की थेट सोडायची.”

“टोळी पुरी झाली की?” दिघेसाहेब किंचाळले. “मग टाइमटेबलला अर्थ काय?”

शेठनी दोघांचं मन राखलं. गाडी बाजारातून, पण सुटणार चारलाच.

ऑफिसर आले आणि पुढच्या सीटवर बसले. चार वाजले. घोळके दोन जमले होते, एक नऊ जणांचा, एक अकरा जणांचा. पण नऊतला एक जण न्हाव्यापुढे अर्धी दाढी करून बसलेला आणि अकरातल्या दोघी बांगड्या भरत होत्या. उरलेले सतरा जण मोटारीला टेकून निवांत उभे. चढेना कुणी.

दिघेसाहेबांनी घड्याळ वर धरलं. “चार! सोडा गाडी!”

मी उखाभाऊंकडे पाहिलं. ते खाली उतरले, हँडल लावलं आणि फिरवू लागले. त्या काळी मोटार पुढून हँडल मारून सुरू करावी लागे. गाडी काही सुरू होईना. उखाभाऊ घाम पुसत, इंजिनला शिव्या देत, पुन्हा फिरवत. साहेब बॉनेटभोवती येरझारा घालत सूचना करत होते. आतली चावी बंद आहे हे ट्रामच्या ऑफिसातल्या माणसाला कसं कळावं?

पाऊण तासाने दाढी पुरी झाली, बांगड्या भरल्या. रुमाल्याने माणसं मोजली, दुसऱ्या घोळक्यानेही मोजली, आणि वीस जण एका दमात आत शिरले. उखाभाऊंनी चावी फिरवली. पहिल्या हँडलला इंजिन धडधडलं.

ऑफिसर पायथ्यापर्यंत आले. वीसही जण तिथेच उतरले. परवाना पक्का झाला आणि माझी नोकरीही.

दिघेसाहेबांनी रिपोर्ट लिहिला की पाट्यांमुळे लोकांची यंत्राची भीती गेली. शेठनी त्यांचा पगार वाढवला. मला मेमो मिळाला, गाडी पाऊण तास उशिरा सुटल्याबद्दल. उखाभाऊंना एक रुपया दंड झाला, गाडी नादुरुस्त ठेवल्याबद्दल. तो मी भरायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला सारला.

पुढे नोकरीत मी बरेच तज्ज्ञ पाहिले. नवी लाईन आखायला कुणी आला की मी एवढंच विचारायचो, “ड्रायव्हरशी बोललात?” बहुतेकांना तो अपमान वाटायचा.