मला हलवता येत नाही

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत रबरी सील बनवणाऱ्या कारखान्यात मी डिस्पॅच बघते. म्हणजे तयार माल खोक्यांत भरायचा, कागद लावायचे आणि टेम्पोत चढवून गिऱ्हाइकाकडे धाडायचा. सतरा वर्षांत मी इतकी खोकी धाडलीत की एकावर एक रचली तर उतरणाऱ्या विमानांची चाकं वरच्या खोक्याला घासतील. पण माझी भूमिका काय, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. यंदा चार पानी फॉर्म आला: आपल्या कामाचं विश्लेषण स्वतःच करा.

कारण होतं. स्टोअर, पॅकिंग आणि डिस्पॅच या तिन्हींवर एक प्रमुख नेमायचा होता. ती खुर्ची मला हवी होती. आधी दोनदा ती बाहेरून आलेल्या माणसांनी माझ्या डोळ्यांदेखत पटकावली, आणि दोघांनाही संडास कुठे आहे इथपासून सगळं दाखवलं कुणी? मीच.

रविवारी बांगडे तळून झाल्यावर लिहायला बसले. माझे उसासे ऐकून सासूबाई आतून म्हणाल्या, "गो, खरा काय ता लिव आणि मोकळी हो."

सहावा प्रश्न होता: तुमच्या गैरहजेरीत तुमचं काम कोण करतं? इथे माझं पेन घोड्यासारखं उधळलं. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी भुलीतून पुरती बाहेरही आले नव्हते, तर कारखान्याचा फोन. खोकी उभी लावायची की आडवी? मी म्हणे गुंगीतच ओरडले, "उभी!" वॉर्डातले अर्धे पेशंट उठून उभे राहिले. हे सगळं लिहिलं आणि खाली उत्तर दिलं, 'कोणीही नाही.' दोनदा अधोरेखित केलं.

मंगळवारी साहेबांनी बोलावलं.

"फॉर्म झकास लिहिलाय, मॅडम."

"थँक यू, सर."

"तुम्ही नसलात तर हे काम कुणालाच जमत नाही?"

"कुणालाच नाही. विचारा कुणालाही."

"मग तुम्हाला तिथून हलवू कसं? उद्या डिस्पॅच बसलं म्हणजे?" त्यांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. "शुक्रवारपर्यंत नीट विचार करून लिहा."

मी जागेवर आले ती धुमसतच. शेजारच्या टेबलावर लेबलं छापणारी बाई नऊ वर्षं माझ्या बाजूला बसते. तिला सगळं सांगितलं. वाटलं, ती माझ्या बाजूने साहेबांना चार शिव्या घालेल.

"बरोबर बोलले ते," ती म्हणाली. "नऊ वर्षांत मला काही शिकवलंस? विचारलं की म्हणायचीस, राहू दे गं, मी करते. आधी वाटायचं, किती चांगली बाई आहे."

"मग?"

"मग कळलं, हुशार आहे."

आता खरं सांगायला हवं. माझी एक वही आहे. कुठल्या गिऱ्हाइकाला काय लागतं, ते सगळं तिच्यात. पण कुणी उघडली तर काही कळू नये म्हणून त्यात गिऱ्हाइकांच्या जागी माझे नातेवाईक आहेत. 'चुलतसासरे' म्हणजे भिवंडीचा गोडाऊनवाला, दुपारी एक ते तीन झोपतो, माल उतरवून घेत नाही. 'मोठी नणंद' म्हणजे ठाण्याची कंपनी, एक खोकं चेपलं तरी अख्खी गाडी परत. अशी साठ-सत्तर माणसं. एवढं गोत तर आमच्या अख्ख्या गावात नसेल! जगात कुणी स्वतःच्या पायात इतक्या मेहनतीने बेडी ठोकली नसेल. वर तिला रोज पॉलिशही करत होते.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्या लेबलवालीसमोर वही उघडली आणि एकेक नातेवाईक समजावला. प्रत्येक वाक्यागणिक अक्कलदाढ उपटल्यासारखं होत होतं. ती मात्र डबा खात शांतपणे टिपून घेत होती. मध्येच म्हणाली, "तुझ्या नणंदेला हे माहितीये का गं?"

गुरुवारी मी रजा टाकली. भांडुपला घरी फोन हातात धरून बसले. दहा वाजले, अकरा वाजले, फोन गप्प. रेंज गेली की काय म्हणून सासूबाईंच्या फोनवरून स्वतःलाच लावून पाहिला. व्यवस्थित वाजला. साडेबाराला धीर सुटला आणि मीच तिला फोन लावला.

"काय गं, एकदाही फोन नाही?"

"कशाला करू? सकाळचा माल गेलासुद्धा."

"सगळा?"

"सगळा. तू आराम कर ना."

आनंद व्हायला हवा होता. मी फोन ठेवला आणि रागाने घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

शुक्रवारी सहाव्या प्रश्नापुढे तिचं नाव लिहून फॉर्म दिला. साहेबांनी तो उभ्याउभ्याच वाचला.

"जमतंय त्यांना?"

"जमतंय," मी म्हणाले. आयुष्यात एवढा अवघड शब्द उच्चारला नव्हता.

"बघू," म्हणून त्यांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला.

बाहेर आले तर ती माझ्या टेबलावर बसून चलनं लावत होती. मला बघून उठायला लागली.

"बस गं," मी म्हणाले आणि पाणी प्यायला निघून गेले. तहान नव्हती.