मधल्या घराची कमाई

मोजणीबाईला खेड्यापाड्यांत दुसऱ्या नावानं कुणी ओळखतच नसे. चोवीस वर्षं, दर चार वर्षांनी, जिल्ह्यातून निवडलेल्या त्याच तीनशे एक घरांच्या पायऱ्या चढायच्या आणि विचारायचं, वर्षाला घरात पैसे किती येतात? असला प्रश्न विचारणाऱ्या बाईला लोक काय ओवाळणार आहेत? कुणी कुत्रं सोडलं, कुणी तोंडावर दार आपटलं. एका खाटकानं सुरा टेबलात खुपसला आणि म्हणाला, आता विचारा. हिनं विचारलं, उत्तर लिहून घेतलं, मगच उठली.

कामाचा तिला अभिमान होता. सरासरीचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. एक गिरणीमालक धरला की सगळं गाव कागदावर श्रीमंत, याला काय हिशोब म्हणतात? त्यापेक्षा सगळी घरं कमाईनुसार एका रांगेत उभी करा, सगळ्यात फाटकं पुढं, सगळ्यात गब्बर मागं, आणि बरोबर मधल्या, एकशे एक्कावन्नाव्या घराची कमाई सांगा. दर खेपेला तो आकडा मागच्या आकड्याशेजारी मांडायचा, की जिल्हा चढला का घसरला ते दिसतं.

लोक मागाहून बोंब मारायचे की बाईनं खोटं लिहिलं. म्हणून तिनंच एक नियम करून घेतला होता. फॉर्म भरला की एकूण रक्कम घरच्या कर्त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि सही घ्यायची. ऑफिसनं तो नियम सगळ्यांना लावला, तेव्हा ही आठवडाभर ताठ मानेनं चालत होती.

सातव्या खेपेला साहेबांनी बजावलं, बायकांची कमाई सुटतेय, ती खोदून काढा. मोजणीबाई कामाला लागली. लाकूड कापायच्या कारखान्यातल्या एका कामगाराच्या घरी ती पोचली. त्याला सगळे करवत्या म्हणायचे, आणि ते काही नुसत्या कामावरून नव्हे. त्यानं आपली कमाई एक लाख चौदा हजार सांगितली आणि ओट्यावर विडी ओढत बसला. त्याची बायको शिवणकाम करायची. स्वयंपाकघरात मोजणीबाईनं तिला बोलतं केलं.

"वर्षाला बावीस हजार," बायको कुजबुजली. "त्याला ठाऊक नाही हं. पोरीच्या नर्सिंगची फी आहे ती. पुढच्या महिन्यात भरायचीय."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे लहान पोरालाही कळतं. पण खरा आकडा हाती लागल्याच्या आनंदात हिची अक्कल गहाण पडली. बाहेर आली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंड आपोआप चाललं.

"एकूण एक लाख छत्तीस हजार. बरोबर ना?"

करवत्याला लिहिता येत नव्हतं, वजाबाकी मात्र चोख येत होती. तो उठला. आकडा चुकला, दुसऱ्या घरचा आहे, असं मोजणीबाई ओरडत होती, पण तो आत गेलासुद्धा. त्यानं बायकोला केसांना धरून शिवणयंत्रावर आपटलं. मग दोन्ही पंजे एकदम तिच्या कानांवर मारले, पुन्हा मारले, मोजत मारल्यासारखे मारले. पैसे कुठं आहेत, एवढंच तो विचारत होता आणि बायको दातांवर दात आवळून गप्प. कानांतून रक्त आलं तरी गप्प. मोजणीबाईनं स्टूल उचलून त्याच्या पाठीत घातलं. त्यानं तिचं मनगट असं पिरगाळलं की हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. परसातून धावत आलेली पोरगी त्याच्या दंडाला चावली, तेव्हा त्यानं पोरीचा गळा धरला. पोरीचे डोळे पांढरे व्हायला लागले आणि मग आईनं पिठाच्या डब्याकडे बोट दाखवलं.

त्या वर्षी मधल्या घराची कमाई अकरा टक्क्यांनी वाढली. साहेब खूश. मोजणीबाईनं प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. साहेबांना वाईट वाटलं, पण म्हणाले, एका घरानं मधला आकडा हलत नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ते खरं होतं. वर्षभर भांडून तिनं तो वाचायचा नियम रद्द करून घेतला.

चार वर्षांनी ती त्याच घरी गेली. पोरगी कारखान्यात फळ्या उचलायला गेली होती. करवत्या ओट्यावर करवतीचं पातं घासत बसला होता. त्याची कमाई लिहून घेऊन ती स्वयंपाकघरात आली, बायकोच्या अगदी जवळ बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माझं चुकलं. आता कुणाला वाचून दाखवत नाही. शिवणाचे किती येतात, मला एकटीला सांगा."

बायको तिच्या ओठांकडे बघत राहिली.

"मोठ्यानं बोला बाई," ती म्हणाली. "तेव्हापासून मला ऐकू येत नाही."

ओट्यावरचं पातं घासायचं थांबलं. मोजणीबाईनं त्या रकान्यात शून्य लिहिलं आणि फॉर्म मिटला.