सुभाषच्या गाडीचा पट्टा आणि पुढे निघून गेलेले सोबती

मंडळी, सकाळपासून तोंड कडू झालंय, म्हणून लिहितो.

रिसोडच्या आमच्या सुभाषनं हौसेनं लांबच्या प्रवासाची मोठी मोटारसायकल घेतली. तिला साखळी नाही, पट्टा आहे. आज तो मित्रांसोबत लडाखला निघाला. वाटेतल्या केनवडला येईस्तोवर गाडी इतकी थरथरायला लागली की हँडल धरवेना.

साखळी खडखडली की ताणायची, ही आपल्याकडची सवय. मित्रांनी पट्टाही तसाच ताणला. थरथर वाढली, तर आणखी ताणला. रोगापरीस औषध जालीम! मग एक जण म्हणाला, "सुभ्या, तुह्यापायी आमी कायले खोळंबू? तू ये मांगून." आणि सगळे निघून गेले.

मी केनवडातच राहतो, गाड्यांचं थोडंफार कळतं. सुभाषनं मला बोलावलं. मागचं चाक फिरवून पाहिलं, तर पट्टा तारेसारखा ताठ आणि चाक एका अंगाला ओढलेलं. चाक सरळ केलं, पट्ट्याला जरा ढील दिली. थरथर थांबली.

"जाय आता, गाठशील त्याह्यले."

"काका, फोन केलता. थांबत नाही म्हणतात."

त्यानं गाडी परत रिसोडकडं वळवली.

घटकाभराचं काम होतं. तेवढंही ज्यांना थांबवत नाही, त्यांच्यासोबत लडाख सोडा, आपल्याच जिल्ह्यातल्या मंगरूळपीरच्या दर्ग्यापर्यंत तरी तुम्ही जाल का?