दादरचं पोतं आणि जावयाची बुटकी गाडी

सोनगीरचे नाना, कंबर कशी आहे? शिरपूरच्या अक्का, डोळ्याची पट्टी निघाली का? जळगावचे भाऊ, साखर आटोक्यात आहे ना? सगळ्या वाचकांनी तब्येत लिहून कळवा. मी ठणठणीत आहे, पण आज डोकं फार तापलंय.

सकाळी लेक-जावई त्यांच्या नव्या सेडानमधून धुळ्याला परत निघाले. आम्ही म्हातारा-म्हातारी सोबत होतो. लेकीला रिकाम्या हाताने पाठवायची आपल्यात रीत नाही. डिकीत दादर ज्वारीचं पोतं, भरताची वांगी, वर केळीचा घड. गाडी मागून पार खाली बसली.

गावाबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट असं खर्रकन घासलं, की लेकीने दोन्ही हातांनी स्वतःचं पोट धरलं. सातवा महिना आहे तिला.

जावई म्हणाले, “आबा, पोतं उतरवू या.”

“पोतं राहू द्या, मी उतरस!” म्हणत गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आमची म्हातारी काठी टेकत उतरली. मग मीही उतरलो. दर ब्रेकरला हीच कवायत. पारावरचे विचारतात, “आबा, गाडी बंद पडनी का?”

हायवे लागेपर्यंत म्हातारीचा गुडघा सुजला.

ब्रेकर हवेत, कबूल. पण ते ब्रेकर आहेत की शेताचे बांध? आणि एवढ्या बुटक्या गाड्या बनवणाऱ्यांनी आपले रस्ते कधी पाहिलेत का?

दोन महिन्यांनी लेकीला बाळंतपणाला याच रस्त्याने आणायचंय. तिला कुठे उतरवू? कोणाकडे उंच गाडी असेल तर सांगा रे बाबांनो, आणि जरा लवकर लिहा.