मागावरचा उजेड

उजेड रंग खातो. संग्रहालयांत दिवे बसवायचं काम मी इतकी वर्षं करतेय, पण हे सांगून सांगून घसा बसला तो सोलापुरात. "मॅडम, जरा लख्ख करा की!" ज्याचं त्याचं हेच. अहो, लग्नाचा मांडव आहे का हा?

त्या दालनात विणकर वस्तीतला एक हातमाग होता. विणकर साडी अर्ध्यात असतानाच वारला होता. अर्धं कापड मागावरून कापायचं नाही अशी रीत, म्हणून त्याच्या बायकोनं माग तसाच, धाग्यांसकट दिला. त्यातला लाल रंग बघून मला भरून आलं. तो टिकावा म्हणून मी मंद दिवा लावला. तोही समोर कुणी हललं तरच लागणारा आणि थोड्या वेळानं आपोआप विझणारा.

तर हा दिवा दुपारी, जेवणाच्या सुट्टीत दालनाला कुलूप असताना, आपला आपण लागायला लागला. दाराखालच्या फटीत उजेड दिसायचा. मोडनिंबचे आमचे वॉचमन तिकडं फिरकेनात. "बाई, आत कोनतरी बसतंय. मी न्हाय जायचा."

"काहीतरीच काय बोलता!" म्हणत मी शिडी मागवली. एसीचा गार झोत थेट दिव्याच्या, हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर येत होता, बाकी काही नाही. झोत फिरवला, दिवा गप्प झाला. मी स्वतःवरच लई खूश.

मग एका दुपारी विणकराची बायको आली, हातात डबा घेऊन. वॉचमननी तिच्या कानावर घातलंच होतं. बंद दारासमोर ती बसून राहिली. फटीत अंधारच.

"आज लागंना का?"

"दुरुस्त केला, मावशी. हवेनं लागत होता."

"दुरुस्त केला?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "जेवायला आपणहून कधी उठायचे नाहीत ते. हाक मारावी लागायची. त्या दिवशी मी बार्शीला बहिणीकडं गेलेले. हाक मारायला घरात कुणी नव्हतं. मागावरच गेले, उपाशी."

मी खिशातली किल्ली चाचपली.

"हवाच असंल," ती म्हणाली. "असू दे की. पुन्हा लागंल असं करा."

रोज तेवढा उजेड म्हणजे रोज तेवढा लाल कमी. वॉचमनचा राग आला, तिचा आला, माझ्या हुशारीचा तर सगळ्यात जास्त. शेवटी कुलूप काढून शिडीवर चढले. दिवा होता त्याहून मंद केला आणि झोत पुन्हा सेन्सरकडं वळवला. बाहेर येऊन दार लावलं आणि तिच्याजवळ उभी राहिले.

आतला दिवा विझला. थोड्या वेळानं फटीत पुन्हा उजेड आला.

तिनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी. पदर सारखा केला आणि रोजच्यासारखी, जराशी करवादून हाक मारली, "उठा आता. जेवून घ्या."

उजेड विझला.

विझणारच. तेवढाच वेळ मी स्वतः लावून ठेवलाय. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी दारातून बाजूला सरकले आणि त्यांना बाहेर यायला वाट करून दिली.