नळीत शिरणारी ज्योत

सून काय करते असं कोणी विचारलं, की सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: "आगी लावते. पण कॉम्प्युटरवर!" ते स्वतः भट्टीखात्यातले जुने मिस्त्री, हयात बर्नर पेटवण्यात गेलेली. त्याच कारखान्यात सून संगणकासमोर बसून, उसळती ज्योत कुठे वळेल, कुठे फाटेल, याचं गणित मांडायची. ज्योतीचे बारीक बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येकातला वेग, उष्णता, वायूचं प्रमाण काढत बसायचं, असा सगळा धीराचा कारभार. घरचा गॅस झोपण्याआधी दोनदा तपासणारी बाई ती, घाई तिच्या स्वभावातच नव्हती.

त्या सकाळी मात्र ती आवारातून भट्टीकडे जीव खाऊन पळत होती.

भट्टी पहिल्यांदाच निव्वळ हायड्रोजनवर पेटायची होती आणि पेटवणार होते सासरे. ज्योत बर्नरच्या तोंडाशीच राहील, असा निर्वाळा तिच्याच गणिताने दिला होता. आज चहा पिता पिता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रोग्राम नैसर्गिक वायूसाठी लिहिलेला, जुना. वायू आणि उष्णता सारख्याच वेगाने पसरतात, असं त्यात धरलं होतं. त्या वायूला ते चालून जायचं, पण हायड्रोजन उष्णतेच्या पुढे पळतो. एवढी शिकलेली बाई, आणि गाडी जुन्याच चाकोरीतून हाकली! तिने आकडा बदलून गणित पुन्हा लावलं. पडद्यावर ज्योत बर्नरच्या नळीत शिरली, मागे आली, पुन्हा शिरली. गणित अर्ध्यावर असतानाच भट्टीचा भोंगा वाजला. तिथे फोन नेऊ देत नाहीत, म्हणून ही धावाधाव.

सासरे झाडू पुढे धरून उभे होते. हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही. झाडूने पेट घेतला, की ज्योत लागली असं समजायचं.

"बाबा, थांबा! ज्योत आत शिरेल, नळी फुटेल!"

भट्टीखात्याच्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "धोका नाही, असं तुम्हीच लिहून दिलंत ना?"

"चुकलं माझं."

"आणि आजचं नक्की?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. "नक्की नाही. निम्मं गणित बाकी आहे."

"मग पेटवा, मिस्त्री."

सासरे तिच्याकडे न बघताच म्हणाले, "निम्म्या धोक्यात जन्म गेला माझा. जा तू बाहेर."

तिला भयंकर भीती वाटत होती. तरी ती जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. "मग मीही इथेच."

"वेडी आहेस का? घरी काय तोंड दाखवू मी?"

"आणि मी आईंना काय सांगू, तेही सांगून ठेवा."

सासऱ्यांनी हायड्रोजनचा व्हॉल्व्ह घट्ट बंद केला आणि झाडू साहेबांच्या हातात दिला. "निम्म्यावर मी उभा राहीन, साहेब. सुनेला नाही उभं करणार. पेटवायचीच असेल, तर तुम्ही पेटवा."

साहेबांनी आधी व्हॉल्व्हकडे पाहिलं आणि नंतर हातातल्या झाडूकडे. मग त्यांनी तो भिंतीला टेकवून ठेवला.