झाकणावरचं नाव

डबा मांडीवर होता आणि अजून गरम होता. नेरहून यवतमाळला जाणारी एसटी अर्ध्या वाटेवर असताना फोन आला, रूथमावशी गेल्या. मी कंडक्टरला म्हणालो, उतरायचंय. लगेच म्हणालो, नाही, राहू द्या. खिचडी मऊ करायला सांगितली होती त्यांनी, तशी केली होती... आज महिना होत आला, पण ती खिचडी मनातून जात नाही.

मावशी नात्यातल्या नव्हत्या. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून गावोगाव हिंडल्या, रिटायर झाल्यावर आमच्या नेरच्या चर्चच्या छोट्याशा मंडळीचा कारभार पाहू लागल्या. मी त्या मंडळीचा सेक्रेटरी, धंद्यानं शिंपी आणि स्वभावानं तिरसट. दोन वर्षांपूर्वी वरून समितीचं पत्र आलं. उपासनेला माणसं येत नाहीत, तेव्हा चर्च चालू ठेवायचं की यवतमाळच्या मंडळीत मिसळायचं, सेक्रेटरीनं अहवाल द्यावा. मी तर तयारच बसलो होतो! कापूस वेचणीच्या दिवसांत बाकं ओस, बाजाची पेटी फुटलेली, तरुण पोरं फिरकत नाहीत, मंडळीतला सोलोमन भांडून गेला. दोन पानं भरली आणि सहीसाठी मावशींकडे नेली.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाल्या, "दावीद, हा तर पोस्टमार्टमचा कागद हाय. पेशंट जित्ता हाय ना अजून?"

"खोटं काय लिहिलं मी, मावशी?"

"खोटं नाही रे. पण आपून नाडी पाह्यलीच नाही. काय चांगलं चालू हाय ते आधी पाह्यतात, मंग औषध ठरवतात. चाल माह्यासंगं."

मग सुरू झाली आमची वरात. घरोघर त्या एकच प्रश्न विचारत: मंडळीनं तुमच्यासाठी कधी काय केलं? मला वाटलं, आता तक्रारींचा पाऊस पडेल. पण जो तो डब्याचंच बोलायचा. माझ्या ऑपरेशनला डबा आला, आमचा म्हातारा यवतमाळला भरती होता तेव्हा रोज डबा आला. डबे मावशींचे, झाकणांवर त्यांचं नाव कोरलेले, पण स्वयंपाक कोणाचाही. ज्यांनी चर्चची पायरी सोडली होती, तेही आपली पाळी आली की रांधून पाठवत होते. मी बाकांवरची डोकी मोजत बसलो आणि हे माझ्या वहीत कधी आलंच नाही.

शेवटी मावशींनी मला सोलोमनच्या दारात उभं केलं. पेटी कोणी वाजवायची यावरून आमचं वाजलं होतं, तीन वर्षं बोलचाल बंद. मी अंगणातच थांबलो. तो प्रश्न ऐकून हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "याले विचारा ना. याच्या बायकोले, मार्थाबाईले, कावीळ झालती तवा याच्या घरी डबा कोण नेत होतं?"

मी म्हटलं, "कोण?"

"मीच! मायी बायको रांधे, मी सायकलवर आणे. तू दुकानात राहे म्हणून बरं, नाहीतर दारातूनच वापस धाडलं असतं मले."

अक्षरशः जमीन फाटावी असं झालं. मार्थानं मला कधी सांगितलंच नव्हतं. पंधरा दिवस त्याच्या घरचं जेवलो होतो मी, आणि त्याचंच नाव दोषांच्या यादीत घातलं होतं. मावशींनी चहा मागितला फक्त. घरी येऊन मी ती दोन पानं चुलीत घातली.

नवा अहवाल एका पानाचा झाला. ही मंडळी आजाऱ्याला उपाशी राहू देत नाही, त्यावरून पुढची वाट काढू द्या, असं लिहिलं. समितीनं मुदत दिली. मावशींनी बुधवारची प्रार्थना आजाऱ्याच्या घरी नेली, वेचणीच्या दिवसांत उपासना संध्याकाळी ठेवली. माणसं एकदम वाढली असं नाही, पण सोलोमन आला, पेटीही दुरुस्त झाली. चर्च अजून आमचंच आहे.

मावशींचा एक डबा मार्थाच्या आजारापासून आमच्याकडेच पडून होता. रिकामा कसा परत द्यायचा, काहीतरी भरून देऊ, असं म्हणत राहूनच गेलं. मावशी यवतमाळला भरती झाल्या तेव्हा त्यातच मी रोज त्यांचं जेवण नेऊ लागलो. त्या दिवशी दवाखान्यात पोचलो तर त्यांची कॉट मोकळी होती. मला रडू आवरेना. शेजारच्या कॉटवर आर्णीकडची एक बाई होती, तिच्या नवऱ्याच्या हातात मी डबा दिला. "कुठी वापस करू?" त्यानं विचारलं. नेरच्या चर्चमध्ये, एवढंच मी बोललो.

परवाच्या रविवारी उपासना सुटता सुटता तो माणूस दारात आला. डबा घासून लख्ख केलेला, आत तुरीची डाळ. झाकणावरचं नाव वाचून म्हणाला, "रूथबाई कुठी राह्यते जी?"

मी डबा दोन्ही हातांनी घेतला. पेटी बंद करता करता सोलोमनच बोलला, "इथंच. या, बसा, चाय घ्या."